चारा-खुराकाचे प्रयोग आणि मांसाची प्रत: या चुका टाळा

चारा-खुराकाच्या प्रयोगांचे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात. बोकड, मेंढ्या, ब्रॉयलर, कधी वासरं, कधी डुकरं. खुराक दर वेळी नवा असतो, चुका मात्र त्याच. कुणीतरी चार-पाच महिने राबलेलं असतं, पहाटे उठून वैरण मोजलेली असते, जनावरं कापून झालेली असतात, आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावरच माझ्या लक्षात येतं की या आकड्यांवरून काहीच सिद्ध होणार नाही. याचा मला राग येतो, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटतं. वजन चुकलं तर उद्या पुन्हा घेता येतं. कापलेलं जनावर परत आणता येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या. खुराक बदलल्याने मांसात पडणारा फरक बहुतेक वेळा लहान असतो. प्रवास, भीती, उपवास, थंडी, वजन घेण्याची वेळ यांनी पडणारा फरक मोठा असतो. हे मोठे फरक तुम्ही आवरले नाहीत, तर ते खुराकाचं नाव लावून तुमच्या तक्त्यात येऊन बसतात. पुढच्या बहुतेक चुका याच एका वाटेने आत शिरतात.

एक गट आज, दुसरा उद्या

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की अहवाल हातात आला की मी आधी कापणीच्या तारखा शोधते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २४ बोकड, १२-१२चे दोन गट. एका गटाला नेहमीचा खुराक, दुसऱ्याला त्याच खुराकात एका झाडाच्या वाळवलेल्या पाल्याची भुकटी. ९० दिवस चारणी अगदी चोख झाली होती. निकाल असा: पहिल्या गटाच्या मांसाचा २४ तासांनंतरचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), सरासरी ५.७ आणि पाल्याच्या गटाचा ६.३. रंगातही मोठा फरक. पाल्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे मांस गडद होतं, असा निष्कर्ष लिहून प्रयोग करणारा मुलगा मोकळा झाला होता. त्याला पूरक अशी जैवरसायनाची दोन पानंही त्याने जोडली होती आणि ती वाचायला चांगली होती.

६.३ हा आकडा मला खटकला. मी मांसाचे तुकडे पाहायला मागितले. ट्रेमध्ये दोन्ही गटांचे पाठीच्या स्नायूचे काप शेजारी शेजारी ठेवले होते. एक लालसर, पृष्ठभागावर थोडी ओल असलेला. दुसरा जांभळट-काळा, वरून कोरडा. बोट लावलं तर किंचित चिकटत होतं. असं मांस ज्याने आधी पाहिलं आहे, त्याला पाला आठवत नाही, दमलेलं जनावर आठवतं.

मग मी मुलाची नोंदवही बाजूला ठेवली आणि गोठ्यावरच्या मामांची वही मागवली. मामा शिकलेले कमी, पण रोजचं रोज लिहून ठेवणारे. पहिल्या गटापुढे त्यांनी लिहिलं होतं: "सकाळी गाडी, नऊच्या आत काम झालं." दुसऱ्या गटापुढे: "आदल्या दिवशी सांजेला गाडी भरली. गाडीत बाहेरचे ५ बोकड. रात्री एकाच खोलीत. रातभर टकरा." सगळं उत्तर या चार ओळींत होतं.

घडतं ते असं. जिवंत, शांत जनावराच्या स्नायूचा सामू ७च्या थोडा वर असतो. स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते. कापल्यानंतर रक्तपुरवठा थांबतो, प्राणवायू मिळत नाही, आणि या शिलकीचं लॅक्टिक आम्ल बनत जातं. त्याने सामू उतरतो आणि दिवसभरात साधारण ५.५ ते ५.८च्या दरम्यान येऊन थांबतो. जनावर रात्रभर भांडलं, घाबरलं, उपाशी उभं राहिलं, तर ही शिल्लक कापण्याआधीच संपते. आम्ल बनायला काही उरतच नाही. सामू ६च्या वर अडकतो, स्नायू पाणी घट्ट धरून ठेवतो, प्रकाश परत फेकण्याऐवजी आत घेतो, म्हणून मांस काळसर, घट्ट आणि कोरडं दिसतं. शिवाय ते लवकर खराब होतं, कारण जंतूंना अडवणारं आम्ल त्यात नसतं. गुरं, शेळ्या, मेंढ्या यांची ही शिल्लक एकदा संपली की भरून यायला काही दिवस लागतात. तासभर विसावा दिल्याने भागत नाही. डुकरांत उलट प्रकारही होतो. कापण्याच्या अगदी आधी घाबरवलं, पळवलं, की मांस गरम असतानाच सामू झपाट्याने उतरतो आणि मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं निघतं.

त्या प्रयोगात पाल्याचा परिणाम होता की नव्हता हे आता कुणालाही सांगता येणार नाही, कारण खुराक आणि ती रात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवताच येत नाहीत. कोणतीही संख्याशास्त्रीय युक्ती तिथे चालत नाही. मुलाने मला विचारलं, "मॅडम, सामू सहपरिवर्ती म्हणून घेतला तर?" म्हणजे सामूमुळे पडलेला फरक हिशेबातून वजा केला तर? नाही. सामू तर निकालाचाच भाग आहे. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावरची कळा मला अजून आठवते.

माझी सवय सांगते. कापणीच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक गटातली सारखी जनावरं. १२-१२ आहेत आणि दिवसाला ८ कापता येतात, तर दर दिवशी ४-४, तीन दिवस. त्या दिवसातही क्रम चिठ्ठ्या टाकून. अनोळखी जनावर एकाही रात्री आपल्या जनावरांत नाही. गाडीत, खोलीत, रांगेत जे एकमेकांना ओळखतात तेच एकत्र. पाणी शेवटपर्यंत समोर. आणि त्या दिवशी मी स्वतः हजर. हे काम दुसऱ्यावर सोपवून अहवाल लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

गरम धड थंड खोलीत ढकलणं

याचा त्रास लहान धडांना जास्त. शेळी-मेंढीचं धड लहान, वर चरबीचं आवरण पातळ, त्यामुळे ते भराभर थंड होतं. सामू अजून ६च्या वर असताना स्नायूचं तापमान १० अंशांखाली गेलं, की स्नायू आखडतो आणि आखडलेलाच राहतो. मांस चिवट होतं, शिजवूनही सुटत नाही. हा प्रकार १९६३ साली न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी नीट मांडला.

खुराकाच्या प्रयोगात याची गुंतागुंत वाढते. जास्त पोसलेल्या गटावर चरबीचं पांघरूण जाड, म्हणून ते धड हळू थंड होतं आणि मऊ राहतं. हडकुळा गट पटकन आखडतो. तुम्ही लिहिता, अमुक खुराकाने मांस मऊ झालं. झालं खरं, पण ते चरबीच्या पांघरुणामुळे आणि तुमच्या शीतगृहाच्या घाईमुळे. थंड करण्याचा वेग बदलला की तो "परिणाम" नाहीसा होईल. म्हणून मी दोन-तीन धडांच्या पाठीत तापमापक खुपसून ठेवते आणि दर तासाला सामू आणि तापमान दोन्ही लिहिते. रात्र जाते, पण सकाळी कुणाशी वाद घालावा लागत नाही.

पोटातलं पाणी आणि चारा म्हणजे वाढ नव्हे

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आतड्यांसकट जो चारा-पाण्याचा ऐवज असतो, तो जिवंत वजनाच्या साधारण १० ते २० टक्के असतो. म्हणजे २५ किलोच्या बोकडात अडीच ते पाच किलो वजन त्याचं स्वतःचं नसतं. आज चारणीआधी वजन घेतलं आणि पंधरवड्याने भरपेट पाणी पिऊन आल्यावर घेतलं, तर दीड-दोन किलो "वाढ" फुकट मिळते. जास्त तंतुमय चारा खाणारा गट पोट मोठं करून उभा राहतो आणि काट्यावर जिंकतो.

ड्रेसिंगच्या टक्क्यांत, म्हणजे जिवंत वजनाच्या किती टक्के धड मिळालं यात, याची फजिती सगळ्यात जास्त होते. हिशेब करून बघा. धड ११.५ किलो भरलं. जिवंत वजन भरल्या पोटी २५ किलो होतं, तर ड्रेसिंग ४६ टक्के. तोच बोकड उपवासानंतर २३ किलो भरला असता, तर ५० टक्के. बोकड तोच, धड तेच, फरक ४ टक्क्यांचा. चार टक्क्यांवर लोक निष्कर्ष काढतात! एकाने उपाशीपोटी मोजलेलं वजन आणि दुसऱ्याने भरल्या पोटी मोजलेलं वजन शेजारी ठेवून "आमचा खुराक सरस" म्हणणारे अहवाल माझ्याकडे येतात. धड गरम असताना तोललं की थंड झाल्यावर, हेही लिहिलेलं नसतं. थंड होताना पाणी उडून त्याचं वजन थोडं घटतं.

माझी पद्धत साधी आहे. सुरुवातीचं आणि शेवटचं वजन लागोपाठ दोन सकाळी, त्याच वेळी, चारा-पाण्याआधी, त्याच काट्यावर, आणि दोन्हींची सरासरी. काट्यावर आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघायचं. कुणी म्हणतं, दोनदा कशाला? पहिल्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात किती फरक पडतो ते एकदा स्वतः बघा, मग कुणी विचारायला येत नाही.

ओला चारा ओला म्हणूनच मोजणं

"रोज ५ किलो हिरवा चारा दिला." या वाक्यातून मला काहीही कळत नाही. त्या चाऱ्यात शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, २० टक्के असेल तर जनावराला १ किलो मिळाला. रात्री पाऊस झाला, चारा भिजलेला कापला, शुष्क पदार्थ १५ टक्क्यांवर आला, तर त्याच ५ किलोंत ७५० ग्रॅमच. पाव भाग जेवण गेलं आणि वहीत आकडा तोच. मुरघासाचंही, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेल्या चाऱ्याचंही, तसंच; खड्ड्याच्या कडेचा आणि मधला यांत फरक असतो.

एका प्रयोगात दोन महिने वाढ बरी चालली आणि मग सगळ्याच गटांची वाढ एकदम मंदावली. जंत पाहिले, आजार पाहिले, खनिजं पाहिली. कारण शेवटी कुट्टीच्या ढिगात सापडलं. जुना वाळलेला ढीग संपून नवा, नीट न वाळलेला सुरू झाला होता आणि माप तेवढंच ठेवलं होतं. हाताने मूठभर उचलून पाहिलं असतं तरी कळलं असतं; ओली कुट्टी मुठीत दाबली की गोळा होऊन राहते, वाळलेली सुटते. आता मी आठवड्यातून दोनदा, आणि ढीग किंवा खड्डा बदलला की त्याच दिवशी, नमुना भट्टीत लावते. पाण्याचा अंश काढायचा तर १०० ते १०५ अंशांवर. त्याच नमुन्यातून पुढे तंतू आणि नत्र तपासायचं असेल तर ६० अंशांच्या आसपास हळू वाळवायचं, कारण जास्त तापवलं की प्रथिनं आणि साखर एकमेकांत अडकतात आणि तंतूंच्या आकड्यात भर पडते. दोन वेगळे नमुने घ्यायचा कंटाळा करू नका.

नमुना घेतानाही वरची मूठ उचलून चालत नाही. पोत्याच्या वर भरड असते, तळाला पीठ. दहा पोत्यांतून, वर-मध्ये-खाली असं घेऊन, ताडपत्रीवर पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा चार भाग, असं करत हातात मावेल इतकं उरवायचं.

आणि नत्राला ६.२५ने गुणून मिळालेल्या "कच्च्या प्रथिनां"वर आंधळा विश्वास ठेवू नका. प्रथिनांत नत्र साधारण १६ टक्के असतं या गृहीतावर तो गुणक उभा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्याला ६.२५ने गुणलं तर २८७ टक्के "प्रथिनं" निघतात. नत्र मोजणारं यंत्र ते कुठून आलं हे विचारत नाही. २००८मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन हे भरपूर नत्र असलेलं रसायन मिसळणाऱ्यांनी याच पळवाटेचा फायदा घेतला आणि लाखो बाळं आजारी पडली. पेंडीचा आकडा संशयास्पद चांगला आला तर युरियासाठी वेगळी तपासणी करा.

एका कप्प्यातल्या दहा शेळ्या म्हणजे दहा प्रयोग नव्हेत

दोन कप्पे, प्रत्येकात दहा शेळ्या, एका कप्प्याला एक खुराक, दुसऱ्याला दुसरा. विश्लेषणात लिहिलेलं असतं, प्रत्येक गटात दहा. नाही. गव्हाण एक, खुराक एक, तर खुराकापुरता तो एकच एकक. उजव्या कप्प्यात दुपारी ऊन येत असेल, डावा दारापाशी असेल, तर तेही खुराकाच्या नावावर जमा होतं. हर्लबर्ट या संशोधकाने १९८४ साली परिसंस्थांच्या प्रयोगांतल्या या चुकीला खोटी पुनरावृत्ती असं नाव दिलं. तेव्हापासून चाळीस वर्षं झाली तरी ती थांबलेली नाही.

जागा कमी असेल तर दहा-दहाचे दोन कप्पे करण्यापेक्षा, दोन-दोनचे दहा करा. किंवा प्रत्येकाला वेगळं बांधून खायला घाला. "वेळ नव्हता", "जागा नव्हती" ही कारणं मला समजतात, पण आकडेमोडीला ती कळत नाहीत. जागा नसेल तर प्रश्न लहान घ्या.

थोडक्यात, पण तितक्याच महत्त्वाच्या

जंतनाशक आणि लसी प्रयोगाच्या आधी, मध्ये नाही.

नव्या खुराकाची सवय लागायला कोठीपोटातल्या, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातल्या, सूक्ष्मजीवांना दोन ते तीन आठवडे द्या. पहिल्या दिवशीच भरपूर भरडा घातला की पोटात आम्ल वाढून जनावर आडवं होतं, आणि मग दोष खुराकावर येतो.

उरलेली वैरण तोला, आणि तपासाही. शेळी पानं खाते, काड्या ठेवते. तुम्ही दिलं ते आणि तिने खाल्लं ते, ही दोन वेगळी जेवणं आहेत.

गुरांचं किंवा कोंबड्यांचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस कळप मरू लागतो. मोनेन्सिन हे औषध घातलेला खुराक घोड्याच्या आसपासही ठेवू नका; घोड्याला ते विष आहे.

सगळ्या जनावरांचा एकच स्नायू, एकाच जागेचा. पाठीचा स्नायू आणि मांडीचा स्नायू यांची तुलना करून खुराकाबद्दल काही कळत नाही.

रंग मोजण्याआधी ताजा काप किमान अर्धा तास थंडीत उघडा ठेवा. आतून तो जांभळा असतो, हवा लागली की लाल होतो. घाईत मोजलेला रंग हा तुमच्या घाईचा रंग.

सामूच्या यंत्राला रोज ४ आणि ७ सामूचे ठरावीक द्रव दाखवून ते जुळवून घ्या, आणि दर काही मापांनंतर काचेच्या टोकावरची चरबी पुसा.

मऊपणा मोजायचे मांसाचे छोटे दंडगोल तंतूंच्या दिशेने काढा, ते कापायला लागणारा जोर मोजणाऱ्या यंत्राचं पातं तंतूंना आडवं पडू द्या. मांस आतून ७१ अंशांपर्यंत शिजवून, पूर्ण गार करून मगच. एका कापातून किमान सहा दंडगोल. कोमट मांसातून दंडगोल काढले की ते कमरेत बारीक निघतात आणि मांस उगाच मऊ ठरतं.

चरबीतले टक्के

"आमच्या खुराकाने ओमेगा-३ वाढलं." किती? टक्क्यांत की मिलिग्रॅममध्ये? समजा, बारीक बोकडाच्या १०० ग्रॅम मांसात एकूण मेदाम्लं १.५ ग्रॅम आणि त्यांत बहुअसंतृप्त (ओमेगा-३ याच गटातलं) २० टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅम. पोसलेल्या बोकडात एकूण ४ ग्रॅम, त्यांत बहुअसंतृप्त ९ टक्के. म्हणजे ३६० मिलिग्रॅम. टक्केवारीत पहिला जिंकतो, ताटात दुसरा. स्नायूच्या पेशींच्या आवरणातली मेदाम्लं फारशी हलत नाहीत. साठवणीची चरबी वाढली की त्यांचा टक्का आपोआप घसरतो. दोन्ही आकडे द्या.

आणि कोंबडीत, डुकरात जे दिसलं ते शेळीत दिसेल असं धरू नका. कोंबडी जे तेल खाते त्याची छाप तिच्या मांसात येते. रवंथ करणाऱ्यांच्या कोठीपोटातले जीव असंतृप्त मेदाम्लांतली बरीचशी संतृप्त करून टाकतात. जवस घातला म्हणजे मांसात जवस उतरला असं होत नाही. जे थोडं उतरतं ते लवकर खवट होतं, म्हणून अशा खुराकात ई जीवनसत्त्वाचा विचार करावा लागतो आणि नमुने उणे ८० अंशांवर ठेवावे लागतात. उणे २०वर सहा महिने पडलेल्या नमुन्यावरून खवटपणाचा निकाल देऊ नका.

बुरशी आलेलं "वाया जाऊ नये" म्हणून

स्वस्त, टाकाऊ पदार्थांपासून खुराक करायचा ध्यास मला आवडतो. अन्नसुरक्षेचा खरा मार्ग बहुतेक तिकडूनच जातो. पण ओलसर राहिलेली पेंड, वास येणारा कोंडा "वाया जाऊ नये" म्हणून जनावरापुढे टाकणं हा धोका आहे. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेत लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचले, आणि तिथून अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे विष डोळ्यांना दिसत नाही, शिजवून पूर्ण जात नाही, आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं. पेंड उन्हात पुन्हा वाळवली की बुरशी मरेल, विष राहील. वासावर शंका आली तर तपासा किंवा टाकून द्या.

"अन्नसुरक्षेला हातभार" हे शेवटचं वाक्य

जवळजवळ प्रत्येक अहवालाच्या शेवटी हे वाक्य असतं आणि त्याला आधार म्हणून एक आकडा असतो: एक किलो वाढीसाठी किती किलो खुराक. तो आकडा कमी झाला की अन्नसुरक्षा वाढली, असं लिहून टाकलं जातं.

हे इतकं सोपं नाही. १९९६च्या रोममधल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात सगळ्या माणसांना, सगळ्या काळी, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळणं आहे. फक्त उत्पादन नाही. अन्न मिळवता येणं आहे, पचून अंगी लागणं आहे, वर्षभर टिकणं आहे. तुमच्या खुराकाने वाढ झाली, पण त्यासाठी मका आणि सोयाबीन दुप्पट लागलं, तर त्या मक्याचं दुसरं गिऱ्हाईक कोण होतं हे विचारायला हवं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ साली जगभरच्या पशुखाद्याचा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ६ अब्ज टन शुष्क पदार्थ, त्यातला ८६ टक्के माणसाच्या खाण्यात न येणारा. गवत आणि पाला ४६ टक्के, पिकांचे अवशेष १९ टक्के, धान्य १३ टक्के. पण ते १३ टक्के म्हणजे जगातल्या धान्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक यातला आपल्या सोयीचा एकच आकडा उचलतात. तुम्ही तसं करू नका.

मी आता प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ मागते: माणसाच्या खाण्यायोग्य प्रथिनं किती आत गेली, किती बाहेर आली. समजा, एका गटातल्या बोकडाने चाऱ्याव्यतिरिक्त ४० किलो मका आणि १० किलो सोयाबीन पेंड खाल्ली. मक्यातून साधारण साडेतीन किलो, पेंडीतून साडेचार किलो, मिळून ८ किलो प्रथिनं. त्याच्या वाढीतून हाडं काढून ६ किलो मांस मिळालं, म्हणजे सुमारे १.२ किलो प्रथिनं. दुसऱ्या गटातल्याने पाला, कोंडा, भुसा आणि फक्त ५ किलो मका खाल्ला. आत गेली अर्धा किलोहूनही कमी. मांस ४ किलोच मिळालं, म्हणजे ०.८ किलो प्रथिनं. पहिला वेगाने वाढला, किलोला कमी खुराक लागला, आणि अन्नाच्या हिशेबात घाट्यात गेला. दुसरा हळू वाढला आणि माणसाच्या ताटात भर टाकून गेला. सोयाबीन पेंड माणसाच्या खाण्यातली धरायची की नाही यावर मतभेद आहेत. धरा किंवा नका धरू, पण काय धरलं ते लिहा. मांसातली प्रथिनं मक्यातल्या प्रथिनांपेक्षा दर्जाने चांगली असतात, हेही खरं. त्यासाठी वेगळी ओळ घाला, पण मूळ ओळ गाळू नका.

गेल्या वर्षी एका मुलीचा अहवाल आला. तीन खुराक, कप्पे पुरेसे, कापणी दर दिवशी तिन्ही गटांची मिळून, वजनं दोन-दोन सकाळची. वाचताना मन भरून आलं. पहिला क्रमांक तिने सर्वात जास्त वाढ देणाऱ्या खुराकाला दिला होता. मी तिला ती एक ओळ घालायला सांगितली. आठवड्याने अहवाल परत आला. तक्ता तोच, आकडे तेच, पण खाली ओळ होती, आणि त्या ओळीमुळे तिसऱ्या क्रमांकाचा, कोंडा आणि पाल्याचा खुराक वर आला होता. सोबत तिने एक चिठ्ठी जोडली होती: "मॅडम, शीर्षक बदलावं लागेल."